लसीकरणाच्या वहीत, मागून

पुढून बाळं, मागून पाखरं.
दोन्ही नोंदी एकाच दोनशे पानी वहीत,
सरकार फक्त पुढच्या मागतं.

उपकेंद्रातून वरच्या वाडीला जायचं तर सडा ओलांडावा लागतो.
पाऊण तास. खांद्याला लशींची पेटी,
गळ्यात अब्बास तांडेलची दुर्बीण.
बोट विकली तेव्हा देऊन टाकली त्याने.
खाऱ्या हवेने डाव्या काचेत बुरशी धरलीय,
त्यामुळे माझे सगळे पक्षी
उजव्या डोळ्याने पाहिलेले आहेत.

पौष. गडग्यावर निळा कस्तूर,
गेल्या वर्षी ज्या धोंड्यावर होता त्याच धोंड्यावर.
पुढच्या बाजूला, त्याच तारखेला:
सुनंदा झोरे, मुलगी, दोन किलो सहाशे.

फाल्गुनात बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी
स्वतःला लिंपून घेऊन बसली,
चोच जाईल एवढीच फट ठेवून.
वाडीत त्याला माडगरुड म्हणतात.
नर फेऱ्या घालतो: उंबर, उंबर, सरडा, उंबर.
सातव्या महिन्यातली मंगल डोक्यावर हंडा घेऊन थांबली, म्हणाली,
बरा हाय बाय तिचा,
कोन पानी आन म्हनत नाय.

मग चिरेखाणीचं यंत्र वरच्या अंगाला सरकलं.
करवंदीवर लाल धूळ, माझ्या साडीवर लाल धूळ.
आणि टिटवीने अंडी घातली ती नेमकी जुन्या खाणीच्या तळात,
चार, चिऱ्याच्या कपच्यांसारखीच.
उचललेला पाय मी तसाच हवेत धरला.
खाणीवरच्या यल्लप्पाने काही न विचारता
त्यांच्याभोवती चार चिरे मांडले.
त्याच्या मुलीचा गोवरचा डोस राहिलाय
हे त्यामुळेच कळलं.

वैशाख सरताना, रात्री अकरा वाजता,
उपकेंद्राच्या काचेवर थप्प.
पायरीवर नवरंग. पाठ हिरवी,
शेपटीखाली शेंदूर सांडलेला, चोच उघडी.
किती लांबून आला होता कोण जाणे,
आणि आमची नळीची ट्यूब तेवढी जळत होती.
रिकाम्या पेटीत टॉवेल अंथरला, झाकण कलतं ठेवलं.
मोह झाला म्हणून बाळांच्या काट्यावर ठेवून पाहिला.
काटा हललाच नाही.
रात्रभर थर्माकोलवर नखं वाजत होती.
पहाटे जाळीपाशी सोडला. वळून बघितलं नाही त्याने,
आणि का बघावं?

आषाढाचं पान कोरं. धुकं.
फक्त कानाने: पऱ्ह्याकडून शीळकरी कस्तूर,
चाल आठवत नसल्यासारखा
पुन्हा पुन्हा पहिल्यापासून.

भाद्रपदात सीतेच्या आसवांनी सडा निळा होतो
आणि चंडोल सरळ वर चढत गातो,
ठिपका होईपर्यंत, ठिपकाही नाही होईपर्यंत.
मान दुखते. लिहायला खाली पाहावं
तर तो उतरून गवतात गेलेला.

कार्तिकी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी अमूर ससाणे. एकोणीस.
हे सांगायला मी उतरून अब्बासकडे गेले.
तो आता खाटेवरच असतो.
म्हणाला, खोल दर्यात असलाच एक काठीवर येऊन बसला होता,
पाणी ठेवलं तर प्यायला नाही.
आफ्रिकेला जातो म्हणतेस?
आम्ही वेरावळला निघालो
तरी आई दोन दिवस जेवायची नाही.
मग दुर्बीण मागून घेतली, खिडकीतून बघितलं,
बुरशीच्याच बाजूने, बराच वेळ.

यंदाच्या पौषात गडगा नाही. खाणीच्या रस्त्यात गेला.
कस्तूर आला.
दोन दिवस दिसला तो इकडून तिकडे उडतानाच,
तिसऱ्या दिवशी बंद पडलेल्या यंत्राच्या पात्यावर बसला.

त्या सकाळी सुनंदाची मुलगी वर्षाची झाली.
काट्यावर ठेवली, आठ किलो दोनशे.
रडली नाही. बोट वर करून
काहीतरी म्हणाली, दोनदा, ठासून.
मी उजव्या डोळ्याने पाहिलं. आभाळ नुसतं.
वही उघडून बसले आहे,
पुढून लिहू की मागून
ते ठरत नाहीये.